नव्या काउंटी जेलच्या बाँडवर मत द्यायचंय: काय बघावं, काय विचारावं?

केतकीबन

नमस्कार मंडळी. टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या एका काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) आम्ही राहतो. येत्या मतदानात काउंटीच्या नव्या जेलसाठी बाँडचा, म्हणजे कर्ज काढून ते टॅक्समधून फेडण्याचा, प्रस्ताव आहे. शाळांच्या, रस्त्यांच्या बाँडवर मत देताना मला कधी अडखळायला झालं नाही, इथे मात्र ठरतच नाहीये. घरी आलेल्या पत्रकात खाटा किती, चौरस फूट किती आणि प्रॉपर्टी टॅक्स कितीने वाढेल एवढंच आहे. आतल्या माणसांवर लक्ष कोण ठेवणार, कुठे उभं राहून ठेवणार, एका पाळीला किती जण असणार आणि या सगळ्यांना जाब विचारणारं कोण, याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते हेच आधी सांगायला हवं होतं.

इथे आर्किटेक्ट आहेत, वकील आहेत, नर्स आहेत. चांगलं काउंटी जेल म्हणजे काय आणि मतदार म्हणून मी नेमकं काय विचारावं? मूळ प्रश्नावरून गाडी इकडेतिकडे गेली तरी हरकत नाही, पण उत्तर मिळू द्या.

भटकंती_मनाची

आधी एक शंका. जेल आणि प्रिझन यांत फरक काय? बातम्यांत दोन्ही शब्द येतात.

अशिलाची_बाजू

मोठा फरक आहे. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, शिक्षा लागलेल्यांसाठी. जेल काउंटीचं, क्वचित शहराचं. अटक झाली की माणूस आधी इथे येतो, जामीन झाला नाही तर खटला संपेपर्यंत इथेच राहतो. शिवाय साधारण वर्षाच्या आतल्या शिक्षा इथेच भोगायच्या असतात. २०२२ च्या सरकारी मोजणीत देशभरातल्या जेलांमध्ये एका दिवशी सुमारे ६ लाख ६३ हजार माणसं होती आणि त्यांतली ७० टक्के दोषी ठरलेली नव्हती. वर्षभरात आत येण्याच्या नोंदी ७० लाखांवर जातात. सरासरी मुक्काम महिनाभराचा दिसतो, पण कोणी सहा तासांत सुटतं आणि कोणी दोन वर्षं तारखांची वाट बघत बसतं.

म्हणून केतकीताई, तुमच्या पत्रकातला खाटांचा आकडा हा निव्वळ गुन्हेगारीचा आकडा समजू नका. जामिनाचे नियम, कोर्टाच्या तारखांचा वेग आणि मनोरुग्णांना दुसरीकडे जागा आहे की नाही, यांवर तो ठरतो. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन पूर्ण बंद केला. असं करणारं ते पहिलं राज्य.

परखड_बोल

माझं मत सरळ आहे. जुनं जेल भरलंय तर नवं बांधा, पण साधं बांधा. हल्ली गालिचे, लाकडी खुर्च्या, मोठ्या खिडक्या असलेली जेलं बांधतात. ज्याने आमच्या गल्लीत चार गाड्या फोडल्या त्याच्यासाठी मी गालिच्याचे पैसे का द्यावेत? मी चेष्टेत विचारत नाहीये. दोन नोकऱ्या करून टॅक्स भरतो.

रेघोट्या

परखडदादा, गालिच्यावर येतेच. सोळा वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात काढली, त्यातला बराच काळ कोर्टं आणि जेलं. जरा लांबण लागेल.

अमेरिकेतल्या जेलांच्या ढोबळ तीन पिढ्या मानतात. पहिली रांगेची: लांब बोळ, एका बाजूला गजांच्या कोठड्या. पहारेकरी बोळातून चालत जातो तेव्हा ज्या कोठडीसमोर असेल तेवढीच त्याला दिसते. पुढे गेला की मागच्या कोठडीत काय चाललंय ते त्याला कळत नाही आणि पुढच्या फेरीपर्यंत तिथे बळकट माणसाचं राज्य. लॉस एंजलिसचं १९६३ चं मेन्स सेंट्रल जेल याचं ठळक उदाहरण.

दुसरी पिढी काचेची. कोठड्या एका मोकळ्या दालनाभोवती मांडल्या आणि पहारेकऱ्याला जाड काचेच्या खोलीत बसवलं. त्याला सगळं दिसतं, पण ऐकू काही येत नाही. भांडण पेटतंय हे त्याला पहिला ठोसा बसल्यावर कळतं. मग तो बटण दाबून बाकीच्यांना बोलावतो.

तिसऱ्या पिढीत पहारेकरी काचेबाहेर आला. १९७०च्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारने शिकागो, न्यूयॉर्क आणि सॅन डिएगोला उंच इमारतींमध्ये अशी केंद्रं उभारली. शिकागोची ती हॅरी वीसने केलेली त्रिकोणी इमारत बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिली असेल. काउंट्यांमध्ये हा मार्ग पहिल्यांदा धरला कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टाने, मार्टिनेझ इथे, १९८१ मध्ये.

आत चित्र कसं असतं सांगते. साधारण ४८ ते ६४ जणांचं एक दालन, त्याला पॉड म्हणतात. कडेने दोन मजल्यांवर कोठड्या, मधे टेबलं, टीव्ही, फोन, अंघोळीच्या जागा. दाराजवळ एक उघडं डेस्क आणि तिथे एकच अधिकारी, मधे काच नाही, गज नाहीत. तो दिवसभर त्यांच्यातच फिरतो. कोण जेवला नाही, कोण कालपासून गप्प आहे, कोणाच्या ट्रेवर कोणाचा डोळा आहे हे त्याला दिसतं. रचनेचं सगळं कसब इथे लागतं: डेस्कवरून प्रत्येक कोठडीचं दार दिसलं पाहिजे, जिन्याखाली आडोसा नको, अंघोळीच्या जागी खासगीपणा राहून डोकं आणि पाय दिसले पाहिजेत.

आता गालिचा. काँक्रीट आणि पोलादाच्या दालनात पन्नास माणसं बोलली की एवढा घुमतो आवाज की एकमेकांशी बोलायला सगळेच ओरडतात. ओरडणं आणि भांडण यांत फारसं अंतर नसतं. जमिनीवर आणि छताला आवाज शोषणारं काही लावलं की अधिकाऱ्याला साध्या आवाजात बोलता येतं. आणि साधी लाकडी खुर्ची ही तोडफोड होणारच असं गृहीत धरून बनवलेल्या पोलादी बाकापेक्षा स्वस्त पडते. सुरुवातीच्या या जेलांनी मारामाऱ्या आणि मोडतोड कमी झाल्याचा अनुभव सांगितला म्हणून तर बाकीच्या काउंट्या त्या बघायला गेल्या.

चाळकरी

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक आजी दिवसभर बसायच्या. तीनही मजले सरळ वागायचे. :)

रेघोट्या

चाळकरी, अगदी तसंच. आजी काचेआड बसल्या असत्या तर काही उपयोग नव्हता.

परखड_बोल

आवाजाचा मुद्दा कळला. पण ४८ जणांमध्ये एकटा माणूस उभा करणं हा त्या माणसावर अन्याय नाही का? त्याच्या घरच्यांनी काय करायचं?

निशिगंधा

मी मिडवेस्टमधल्या एका काउंटी जेलात रात्रपाळीची नर्स आहे. परखडदादांचा प्रश्न आमच्याकडे नव्याने येणारा प्रत्येक अधिकारी विचारतो. उत्तर असं की कोणालाही थेट पॉडमध्ये सोडत नाहीत. आधी बुकिंग, मग वर्गवारी. पोलिसांची गाडी दुहेरी दारांच्या बंदिस्त जागेत येते, मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. झडती, बोटांचे ठसे, फोटो, सामानाची पिशवी. मग माझ्यासमोर खुर्चीत. मी विचारते: औषधं कोणती चालू आहेत, शेवटचं मद्य कधी घेतलं, शेवटची गोळी किंवा सुई कधी, आयुष्य संपवावंसं वाटतंय का, याआधी कधी वाटलं होतं का. माणूस थरथरत असतो, संतापलेला असतो, कधी झोपेतून उठवून आणलेला असतो. खरं उत्तर मिळायला आवाज खाली ठेवावा लागतो आणि दार लोटलेलं असावं लागतं. बऱ्याच जुन्या जेलांत हे प्रश्न सगळ्यांदेखत काउंटरवरून विचारतात. तिथे कोण खरं सांगेल?

त्यानंतर वर्गवारीवाले ठरवतात: आधीची हिंसा, एकमेकांचे शत्रू, वय, आजार. जो सगळ्यांत राहू शकत नाही त्याच्यासाठी वेगळा, जास्त बंदोबस्ताचा भाग. पॉडमधल्या अधिकाऱ्याचं खरं बळ हे की नियम मोडणाऱ्याला तो तिथून हलवू शकतो. बाकीच्यांना ते पॉड गमवायचं नसतं.

पण हे सगळं वर्गवारी नीट झाली आणि पाळीला माणसं पुरेशी असली तरच. माझ्या पाळीत असं झालंय की एकच अधिकारी दोन पॉड बघतोय, मी औषधांची गाडी घेऊन दाराशी उभी आणि दार उघडायला कोणी नाही. मद्य सुटताना फिट येऊ शकते, इन्सुलिनला वेळ असते. इमारत नवीन होती, काचा चकचकीत होत्या. माणूस नव्हता.

गणपुले_आकडे

निशिगंधाताईंच्या शेवटच्या वाक्याचा हिशोब मांडतो.

वर्षाचे तास ८,७६०. पॉडमधलं डेस्क एक मिनिटही रिकामं ठेवायचं नाही. एक कर्मचारी कागदावर वर्षाला २,०८० तास काम करतो. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाची साक्ष वजा केली की हाती साधारण १,७०० उरतात. ८,७६० भागिले १,७०० म्हणजे पाचाच्या थोडं वर. म्हणजे एका डेस्कला पाच माणसं. दहा पॉड असतील तर फक्त डेस्कं भरायला पन्नासहून जास्त. त्यात बुकिंग, कंट्रोल रूम, कोर्टात ने-आण, दवाखान्याची सोबत, स्वयंपाकघर, भेटी आणि पाळीचे सार्जंट धरलेलेच नाहीत.

हा आकडा पत्रकात नसतो कारण तो बाँडमध्ये येत नाही. बाँड एकदाच निघतो, पगार दरवर्षी द्यायचा असतो. जेलच्या पूर्ण आयुष्याचा खर्च मांडला तर बांधकाम हा लहान वाटा आणि पगार हा सगळ्यात मोठा. जागा भरल्या नाहीत की ओव्हरटाईम सक्तीचा होतो, बारा तासांच्या पाळीवर आणखी चार तास. थकलेला माणूस नोकरी सोडतो, मग उरलेल्यांचा ओव्हरटाईम वाढतो.

जुना_सर्कल

मी महाराष्ट्र कारागृह विभागातून निवृत्त. मुलाकडे न्यू जर्सीत आलोय म्हणून हा धागा सावकाश वाचता आला. आपल्याकडची पद्धत सांगतो, तुलना तुम्ही करा.

आपल्याकडे कारागृह हा राज्याचा विषय. गृह विभागाच्या खाली पुण्याला कारागृह विभागाचे प्रमुख, त्यांच्या हाताखाली विभागीय उपमहानिरीक्षक, मग अधीक्षक, तुरुंगाधिकारी, हवालदार, शिपाई. मध्यवर्ती असो की जिल्हा कारागृह, नोकरी राज्याची आणि बदली राज्यभर. कच्चे आणि पक्के कैदी एकाच आवारात, वेगळ्या बराकींत. देशातही चारातले तीन कैदी कच्चेच आहेत. मुंबईच्या आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराहून कमी, आणि आत कित्येकदा तिच्या तिप्पट-चौपट माणसं.

संध्याकाळी मोजणी जुळली की बराकी बंद. रात्री शिपाई बाहेरून फेरी मारतो, जाळीतून बॅटरी टाकून बघतो. आत लक्ष ठेवायला शिक्षाबंद्यांमधूनच नेमलेला नाईट वॉचमन. म्हणजे रेघोट्याताईंनी अधिकारी आत उभा असल्याचं सांगितलं, आपल्याकडे रात्री आतली नजर कैद्याचीच. त्यात चांगली माणसं होती, त्यांनी मला वेळेवर हाक मारून जीव वाचवलेत. पण ज्याच्या हाती अशी सत्ता जाते तो दरवेळी चांगलाच असेल याची खात्री कोणी द्यायची? चाळीसच्या जागी दीडशे माणसं झोपली की कोणताही नकाशा कामाचा राहत नाही. मी ते रोज पाहिलंय.

भटकंती_मनाची

काका, फार मोलाचा प्रतिसाद. अंदमानचं सेल्युलर जेल पाहिलं होतं तेव्हा वाटलं होतं की मधला मनोरा आणि सात हात ही रचना फक्त नजर ठेवण्यासाठीच. एका हाताचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कोणी दिसूच नये.

रेघोट्या

हो, आणि त्या रचनेचं एक मूळ अमेरिकेतच आहे. फिलाडेल्फियाचं १८२९ चं ईस्टर्न स्टेट, जॉन हॅव्हिलंडने आखलेलं. मधे गोल चौक, बाहेर पसरणारे हात, प्रत्येकाला एकट्याची कोठडी. इंग्रजांनी ते पाहून लंडनला १८४२ मध्ये पेंटनव्हिल उघडलं आणि तिथून हा नकाशा साम्राज्यभर गेला. एकांतात माणूस पश्चात्ताप करतो ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात माणसं वेडी झाली. म्हणून रचनेत काय गृहीत धरलंय हे तपासणं मला महत्त्वाचं वाटतं.

परखड_बोल

इतिहास छान आहे, पण केतकीताईंचा चौथा प्रश्न राहिला. यांना जाब कोण विचारतो?

अशिलाची_बाजू

योग्य आठवण. बहुतेक राज्यांत जेल शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, हाती असतं आणि शेरिफ लोकांनी निवडलेला. केंटकीत तर जेलर हे पदच निवडून येतं. न्यूयॉर्क शहरात शेरिफऐवजी शहराचं वेगळं खातं रायकर्स आयलंडचं जेल चालवतं. म्हणजे शेरिफ असतो तिथे जेलचा प्रमुख काउंटीच्या मंडळाचा नोकर नाही. मंडळ पैसे मंजूर करतं, शेरिफ कारभार करतो आणि काही बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

त्यावर नजर ठेवायला काही राज्यांत स्वतंत्र यंत्रणा आहे, काहींत जवळजवळ नाही. टेक्सासचं नशीब बरं. १९७५ पासून राज्याचा जेल स्टँडर्ड्स कमिशन आहे. दर ४८ कैद्यांमागे एक जेलर, तासातून किमान एकदा प्रत्येकाकडे समोरासमोर बघणं, आणि आत्महत्येचा धोका किंवा मानसिक आजार असलेल्यांकडे अर्ध्या तासाने. तपासणीत नापास झालेल्या काउंट्यांची यादी कमिशन प्रसिद्ध करतो. ताई, आपल्या काउंटीचे आधीचे तपासणी अहवाल मागा.

नियम असूनही काय होतं ते २०१५ मध्ये टेक्सासच्या वॉलर काउंटीत दिसलं. सँड्रा ब्लँड, वय २८, गाडी चालवताना सिग्नल न दिल्यावरून थांबवलेली. जामीन ५,००० डॉलरचा, म्हणजे दहा टक्के घेऊन जामीन भरणाऱ्या दलालामार्फत सुटायला सुमारे ५०० डॉलर हवे होते. तीन दिवसांनी ती कोठडीत मृत आढळली. कमिशनने त्या जेलवर ठपका ठेवला तो दोन गोष्टींचा: तासाची समोरासमोर पाहणी पाळली नव्हती आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा पुरावा नव्हता. २०१७ च्या तिच्या नावाच्या कायद्याने पाहणी खरंच झाली का हे नोंदवणारी सेन्सरसारखी यंत्रणा, चोवीस तास मानसोपचारतज्ज्ञाशी संपर्क आणि कोठडीतल्या मृत्यूचा बाहेरच्या यंत्रणेकडून तपास या गोष्टी आणल्या.

निशिगंधा

काउंटी जेलांतल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं एकच कारण आत्महत्या आहे. सुरुवातीचे दिवस जास्त धोक्याचे. म्हणून मी बुकिंगच्या खोलीवर एवढी अडून बसते.

गणपुले_आकडे

न्यूयॉर्कचं जे केंद्र रेघोट्याताईंनी वर नव्या पिढीत मोजलं, तिथेच २०१९ मध्ये जेफ्री एपस्टीन कोठडीत मेला. त्या रात्रीचे दोन पहारेकरी ओव्हरटाईमवर होते, फेऱ्या न मारता नोंदी भरल्या होत्या. २०२१ मध्ये ती इमारतच बंद केली. काउंटीचं जेल नव्हतं ते, पण धडा तोच.

रेघोट्या

मान्य. मार्टिनेझलाही पुढे एकेकट्याच्या कोठडीत दुसरी खाट आली. १९७९ च्या बेल विरुद्ध वुल्फिश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन खाटांना हरकत घेतली नाही. खटला न्यूयॉर्कच्या त्याच इमारतीचा. नकाशा आखताना आम्ही एक आकडा धरतो आणि दहा वर्षांनी तिथे दुसराच असतो. म्हणून विस्ताराची जागा कुठे ठेवलीय हेही विचारा. खाटा वाढतील तर डेस्कही वाढणार का?

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं परत परत वाचलं. कमिशनर्स कोर्टाच्या (हे न्यायालय नव्हे, काउंटीचं पैसे मंजूर करणारं मंडळ) बैठकीत नागरिकांना बोलायला थोडी मिनिटं मिळतात, तिथे हे विचारायचं ठरवलंय: प्रत्येक पॉडमध्ये अधिकारी दालनात उभा असेल की काचेआड? डेस्कं किती आणि ती चोवीस तास भरायला किती माणसं लागतील, त्यांचा पगार दरवर्षी कुठून येणार? आजच्या जेलात किती जागा रिकाम्या आहेत? बुकिंगची आरोग्य तपासणी बंद दाराआड होईल का? खाटांचा आकडा काढताना जामिनावर सुटू शकणारे किती धरलेत? काही राहिलं का?

अशिलाची_बाजू

भेटी. नव्या इमारतींत जागा वाचवायला प्रत्यक्ष भेटीची खोलीच गाळतात आणि स्क्रीन लावतात. टेक्सासच्या २०१५ च्या कायद्याने आठवड्याला किमान दोन प्रत्यक्ष भेटी, प्रत्येकी किमान वीस मिनिटं, बंधनकारक केल्या, पण ज्या काउंट्यांनी आधीच स्क्रीनचा खर्च केला होता त्यांना सूट मिळाली. तुमच्या नकाशात भेटीची खोली आहे का बघा. मुलं आईला बघायला येतात तिथे.

जुना_सर्कल

आणि शिपायाच्या विश्रांतीची खोली कुठे आहे तेही बघा, बाळ. चौदा तासांनी जो माणूस भिंतीला टेकून डबा खातो, त्याच्याकडून नीट नजरेची अपेक्षा कशी करायची? आमच्या इथल्या एका जुन्या कारागृहात ती खोली कागदावर होती, प्रत्यक्षात तिथे सतरंज्या भरलेल्या.

परखड_बोल

माझं मत अजून विरोधातच आहे. आहे त्या जेलातल्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय नवी इमारत मागू नये असं मला आता जास्तच वाटतंय. पण गालिच्याचा मुद्दा सोडला. पगाराचा आकडा मी माझ्या काउंटीतही विचारणार. गणपुले, तो हिशोब एका पानावर मांडून इथे टाकाल का?

गणपुले_आकडे

टाकतो. केतकीताई, तुमच्या पत्रकातल्या खाटांचा आकडा मला कळवा, ४८ ने भागून डेस्कं काढतो. बैठकीआधी द्या म्हणजे हातात छापील कागद असेल.

केतकीबन

खाटा ९६०.

गणपुले_आकडे

मग किमान वीस डेस्कं. नुसती ती भरायला शंभरहून जास्त माणसं. सविस्तर कागद उद्या.